बिनतारी लहरी आणि शेतकऱ्याचें आरोग्य

खापरखेडा व कोराडी या टापूंतील शेतकऱ्यास विजेची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. खापरखेड्याचें १३४० मेगावॅट शक्तीचें औष्णिक विद्युत्-केंद्र त्याच्या बांधापासून दिसतें, आणि त्यांतून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा त्याच्या उभ्या पिकांवरून जातात. त्यांत अलीकडे मोबाईलच्या मनोऱ्यांची भर पडली आहे. या मनोऱ्यांतील अदृश्य लहरींमुळें कर्करोग होतो, फळें गळतात, पाऊस हटतो, अशा नाना गोष्टी कानांवर येतात. एकानें मनोऱ्यास जागा दिली म्हणून भाऊबंदांत वांकडें येतें. उलट कोणी मनोरा येऊंच दिला नाहीं, तर अडल्या वेळीं दवाखान्यास निरोप जात नाहीं. तेव्हां या भीतींत तथ्य किती, याचा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

बिनतारी लहरी ही नवी वस्तु नव्हे. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें, तेव्हांपासून अशा लहरी या जिल्ह्यांतील घराघरांतून जात आहेत. सूर्याचा उजेड, चुलीची धग, रेडिओच्या लहरी आणि दवाखान्यांतील क्ष-किरण हीं एकाच कुळांतील भावंडें होत; भेद आहे तो कंपनसंख्येचा. क्ष-किरणांची कंपनसंख्या इतकी मोठी असते कीं, ते शरीरांतील अणूंपासून विद्युत्कण उडवून लावतात व पेशींतील बीजद्रव्यास इजा करतात. मोबाईलच्या लहरींची कंपनसंख्या साध्या उजेडाच्याहि लाखों पटींनीं कमी असते. अणु फोडण्याचें सामर्थ्य त्यांच्या अंगीं नाहीं. त्यांचा निश्चित ठाऊक असलेला परिणाम एकच: त्या फार तीव्र असल्यास शरीर तापतें.

यावरून प्रश्न राहतो तो प्रमाणाचा. कंदिलापासून दुप्पट दूर गेल्यास उजेड निम्मा न होतां चौथाई होतो. मनोऱ्याच्या लहरींचेंहि तसेंच आहे. शिवाय मनोऱ्यावरील प्रसारक आपल्या लहरी विजेरीच्या झोताप्रमाणें बहुतेक आडव्या दिशेनें फेंकतो, म्हणून अगदीं पायथ्याशीं त्यांचा जोर सहसा कमीच आढळतो. धोक्याची जागा म्हणजे प्रसारकाच्या ऐन तोंडासमोरचे कांहीं हात. तेथें काम करणारांखेरीज कोणीं जाऊं नये. ९०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास ९० कोटि कंपनें असलेल्या लहरींसाठीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें दर चौरस मीटरास ४.५ वॅट ही मर्यादा सांगितली होती. भारत सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून ती दशांशावर आणून ०.४५ वॅट केली. दुपारच्या उन्हांत दर चौरस मीटरावर सुमारें १००० वॅट शक्ति पडते. ऊन व बिनतारी लहरी शरीरांत सारख्या खोल जात नाहींत, हें खरें. तथापि प्रमाणाची कल्पना यावरून येईल.

मग भीति उत्पन्न झाली कशी? ती केवळ अडाणीपणाची आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. मुंबईच्या आय. आय. टी. चे प्राध्यापक गिरीश कुमार यांनीं डिसेंबर २०१० मध्यें दूरसंचार खात्यास अहवाल सादर करून मनोऱ्यांविषयीं इशारा दिला होता. मे २०११ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें या लहरींस ‘कदाचित् कर्करोगकारक’ या वर्गांत घातलें. मात्र या वर्गाचा अर्थ नीट समजून घ्यावा. पुरावा अपुरा आहे, पण शंका पुरती फिटलेली नाहीं, एवढाच तो अर्थ. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कहि याच वर्गांत आहे. पुढें याच संघटनेनें करविलेला एक विस्तृत आढावा २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. मोबाईल वापरल्यानें मेंदूचा कर्करोग वाढल्याचें त्यांत आढळलें नाहीं.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आपल्या शरीरास मनोऱ्यापेक्षां कानाशीं धरलेल्या यंत्राच्याच लहरी अधिक पोंचतात, कारण तें अंगास लागून असतें. मनोरा दूर असला कीं हेंच यंत्र त्यास गांठण्यासाठीं अधिक जोर लावतें. म्हणजे जो गांव मनोरा हांकून देतो, त्या गांवच्या माणसाच्या कानाशीं लहरी कमी न होतां वाढतात. ज्यास काळजी वाटते त्यानें लांबलचक बोलणें टाळावें, यंत्र दूर ठेवून ध्वनिवर्धकावर बोलावें, रात्रीं तें उशाशीं ठेवूं नये, आणि मुलांच्या हातीं तें फार वेळ देऊं नये. इतक्या सावधगिरीस पैसा पडत नाहीं.

मनोऱ्याविषयीं संशय असल्यास भांडण करण्यापेक्षां मोजणी मागावी. दूरसंचार खात्यानें २०१७ मध्यें ‘तरंग संचार’ हें संकेतस्थळ उघडलें असून, ठराविक फी भरून त्याद्वारें लहरींची मोजणी करून मागतां येते. ग्रामसभेनें ती मागून निकाल चावडीवर लावला, तर निम्मे तंटे मिटतील. जागा देऊं इच्छिणारांनीं आणखी एक जपावें: मनोऱ्याचें भरघोस भाडें देतों असें सांगून जो आधीं अनामत किंवा कर मागतो, तो ठक समजावा. सरकारी नियामक मंडळानें असा इशारा वेळोवेळीं दिला आहे.

उच्च दाबाच्या तारांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांतील विजेचीं कंपनें सेकंदास अवघीं ५० असतात. अशा तारांलगत दीर्घकाळ राहणाऱ्या मुलांमध्यें रक्ताच्या कर्करोगाचें प्रमाण किंचित् अधिक असावें, असें कांहीं पाहण्यांत दिसलें. पण तारा हेंच त्याचें कारण आहे असें सिद्ध झालेलें नाहीं. शेतांत कामापुरतें जाणाऱ्यास त्याचें भय धरण्याचें कारण नाहीं, तरी तारांखालीं घर बांधूं नये. प्रत्यक्ष जीव जातो तो निराळ्या रीतीनें: विहिरींतून उभा काढलेला लोखंडी नळ, फळें तोडण्याची ओली काठी, कडब्याची उंच गाडी यांचा तारेशीं संबंध आल्यानें. उच्च दाबाची वीज स्पर्शावांचूनहि अंतरावरून झेंप घेते, हें मुलांबाळांस व मजुरांस आवर्जून सांगावें.

शेवटीं एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधतों. ज्या संस्थेनें बिनतारी लहरींविषयीं शंका नोंदविली, तिनेंच २०१३ मध्यें बाहेरील दूषित हवेस ‘कर्करोगकारक’ ठरविलें. तेथें ‘कदाचित्’ हा शब्द नाहीं. जुलै २०२२ मध्यें कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटून राखेचें पाणी शेतांत व गांवांत शिरलें, हें आपल्यापैकीं कित्येकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. अंगणांतील तुळशीवर बसणारी राख पुसून पाहावी; तिच्यासाठीं कोणत्याहि यंत्राची गरज नाहीं. लहरींची मोजणी अवश्य मागावी, परंतु तिच्याआधीं आपल्या विहिरीच्या पाण्याची व गांवच्या हवेची तपासणी मागावी. आपली शक्ति व वेळ मर्यादित आहेत. ते जेथें अपाय निश्चित आहे तेथें प्रथम खर्च व्हावे, एवढीच आमची सभासदांस विनंति आहे.