लेन चारची तीन घड्याळं

शनिवार सकाळ, साडेसहा. उत्तर व्हर्जिनियातली एक जुनी वस्ती. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात, डिक्या उघडतात. आतून घडीच्या खुर्च्या निघतात, बर्फाच्या पेट्या निघतात, टॉवेलांची गाठोडी निघतात. सर्वांत शेवटी निघतात ती मुलं. पायात चपला, अंगात हुडी, डोळे अर्धे मिटलेले. वॉशिंग्टनच्या या उपनगरांत जुलैतला पहाटेचा गारवा तासाभराचा पाहुणा असतो. हवेतला दमटपणा मात्र आतापासूनच मानेला चिकटतो.

फाटकाशी एक आई टेबल मांडून बसली आहे. समोर यादी, हातात पेन.

"टायमर ना? लेन चार. टोपी आणलीय?"

गळ्यात काळ्या दोरीचं स्टॉपवॉच येतं. यादीत नावापुढे खूण होते. मागची रांग पुढे सरकते.

हा तलाव सरकारी नाही, शाळेचाही नाही. वस्तीतल्या कुटुंबांनी पैसे जमवून बांधलेला. १९५० आणि १९६० च्या दशकांत या भागात असे तलाव एकामागून एक झाले आणि तलावातलावांत शर्यती सुरू झाल्या. इथली सर्वांत मोठी उन्हाळी लीग १९५६ सालची. तेव्हा फाटकावरच्या यादीचं काम वेगळं होतं. याच फेअरफॅक्स काउंटीत वस्तीचं उद्यान चालवणाऱ्या एका संस्थेने कृष्णवर्णीय भाडेकरूला सभासद करून घ्यायला नकार दिला आणि त्याची बाजू घेणाऱ्या गोऱ्या घरमालकालाही काढून टाकलं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल संस्थेच्या विरोधात गेला. पोटोमॅक नदीपलीकडे, मेरिलंडमधलं असंच भांडण तर थेट पोहण्याच्या तलावावरूनच होतं. त्याचा निकाल १९७३ चा. आज टेबलावरच्या यादीत कोरियन, इथिओपियन, साल्वादोरी, तेलुगू आणि मराठी आडनावं एकाखाली एक आहेत. आई ती तिला जमतील तशी उच्चारते आणि खुणा करत जाते.

आत पाणी सपाट आहे. एक जीवरक्षक मुलगा काठावर उकिडवा बसून काचेच्या छोट्या नळीत पाणी घेतो. थेंब टाकतो. पाणी गुलाबी होतं. नळी आभाळाकडे धरून तो रंगांच्या पट्टीशी ताडून बघतो. दहा लाख भागांत निदान एक भाग तरी मोकळा क्लोरीन हवा. तलावाचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो त्या मोकळ्या क्लोरीनचा नसतोच. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास उठतो. या वेळी वास जवळजवळ नाही. मुलं अजून पाण्यात उतरायची आहेत.

उतरतात. आधी यजमानांचा सराव, मग पाहुण्यांचा. पहिल्या उडीला किंकाळ्या. एकेका लेनमध्ये दहा-दहा जण, एकाच्या पायामागे दुसऱ्याचं डोकं. कोच काठावरून चालत ओरडतो. कोच म्हणजे कॉलेजातला मुलगा. काही वर्षांपूर्वी तो याच संघातून पोहायचा. पगार त्याला आहे. बाकी सगळा कारभार टीम रेपचा, म्हणजे संघाच्या प्रतिनिधीचा, आणि टीम रेप बिनपगारी. ती दोन मुलांची आई आहे. तिच्या एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्यात थंड झालेली कॉफी. पाठीचा कागद तिनेच चिकटवलाय: 'मला विचारू नका, तक्ता बघा'. तरी लोक तिलाच विचारतात.

तलावामागच्या हिरवळीवर जत्रेतल्या पालांसारखे तंबू उठले आहेत. आत सतरंज्या, पत्त्यांचे डाव, उशा. एक मुलगी जेलीच्या पाकिटात बोट बुडवते आणि कोरडी पूड चाटते. बोट लाल, जीभ लाल. हे या पोरांचं शर्यतीच्या दिवशीचं खाणं. ताकद येते म्हणतात. साखर असते, एवढं खरं. शेजारी दोन मोठ्या मुली लहानग्यांच्या दंडावर पक्क्या शाईच्या मार्करने आकडे लिहितात. शर्यत कितवी, लेन कितवी. सहा वर्षांच्या पोराला दुसरं काही लक्षात राहो न राहो, दंड सोबत असतो. पाठीवर मात्र हौस चालते. 'माझे बुडबुडे खा', असं इंग्रजीत लिहिलेल्या दोन पाठी माझ्यासमोरून जातात.

कडेच्या तंबूत साताऱ्याकडचे एक आजोबा बसलेत. लेकीकडे उन्हाळ्यापुरते आलेत. नातू आठ वर्षांचा.

"केव्हापासून आलोय," ते म्हणतात. "पोरं पाण्यात पडणार कधी?"

"नऊला सुरू होतं, काका."

"आमच्याकडं मागनं ढकलायचे. पाठीला डबा बांधायचा, विहिरीच्या कडंला उभं करायचं, की संपलं. ही एवढी माणसं कशाला लागतात?"

उत्तर द्यायला वेळ नाही. टायमरांना बोलावणं येतं.

लेन सहा. प्रत्येक लेनच्या टोकाला तीन टायमर. म्हणजे अठरा माणसं नुसती घड्याळं धरायला, नऊ त्यांची, नऊ आपली. हेड टायमर सूचना देतो. आवाजावर जायचं नाही, स्टार्टरच्या यंत्रावरचा दिवा बघायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. वीस मीटरवरच्या कानापर्यंत पोहोचायला त्याला सहा शतांश सेकंद लागतात, आणि इथे पहिला-दुसरा तेवढ्यावर ठरतो. तिन्ही घड्याळांत तीन वेळा आल्या तर मधली धरायची. दोन जुळल्या तर ती. कुणाचं बटण चुकलं तर हात वर करायचा. हेड टायमरच्या गळ्यात जास्तीची चालू घड्याळं असतात, तो पळत येऊन एक देतो.

माझ्या डावीकडे पाहुण्या संघाचे एक वडील, उजवीकडे आमच्या गल्लीतली नर्स. रात्रपाळी संपवून ती थेट आली आहे. आम्ही तिघं घड्याळं एकदम दाबून बघतो. एकदम थांबवतो. तिघांचे शेवटचे आकडे वेगळे. तिघं हसतो.

पलीकडच्या टोकाला बाकांच्या रांगा आहेत. एका बाकावर सहा मुलं, लेनच्या क्रमाने. शर्यत सुटली की सगळ्यांनी उठून पुढच्या बाकावर बसायचं. दोन आया हे बाक सांभाळतात. एकीला शू लागलेली असते. एकीचा गॉगल उलटा. एक मुलगा उठून भलत्याच बाकावर जातो, त्याला दंडाला धरून परत आणतात. शेवटच्या बाकावर कुणी बोलत नाही. पाय तेवढे हलतात.

छोट्या शिट्या. मग एक लांब शिटी. सहा मुलं ठोकळ्यांवर चढतात. स्टार्टर सावकाश म्हणतो, 'टेक युवर मार्क'. सगळा तलाव गप्प. दिवा लखलखतो, भोंगा वाजतो, सहा सूर पडतात आणि काठावरचा आवाज एकदम फुटतो.

तलाव पंचवीस मीटरचा. आठ वर्षांपर्यंतच्यांनी एकदाच पार करायचा. चांगला पोहणारा वीस सेकंदांच्या आसपास येतो. चार नंबरमधला मुलगा मध्यावर थांबतो. डोकं वर. डोळे मोठे. दोरीला धरतो. बाकीचे पाच भिंतीला लागून बाहेरही निघाले आहेत. काठावर आता दोन्ही संघांचे लोक ओरडतायत, आणि दोन्ही संघ त्याच्याच नावाने. फ्रीस्टाइलमध्ये दोरी धरून दम घेतलेला चालतो, दोरी ओढून पुढे सरकलेलं चालत नाही. तळाला पाय टेकून उभं राहिलेलं चालतं, चालत गेलेलं चालत नाही. मुलाला हे नियम माहीत असतील असं वाटत नाही. तो दोरी सोडतो. कुत्र्यासारखे हात मारत येतो. माझ्यासमोर भिंतीवर त्याचा तळवा पडतो आणि तीन घड्याळं थांबतात. वाकून आम्ही त्याला हात देतो. बाहेर येताच त्याचा पहिला प्रश्न:

"माझी वेळ किती?"

नर्स आकडा वाचून दाखवते. तो मान हलवतो. मागच्या वेळेपेक्षा कमी आहे म्हणतो. तंबूकडे पळत जातो. पळायचं नाही, असं ओरडणारा जीवरक्षक मागे राहतो. हाच साताऱ्याच्या आजोबांचा नातू.

ऊन आता सरळ डोक्यावर. काँक्रीट तापलंय, मुलं टाचा उचलून चालतात. फ्रीस्टाइल संपली, बॅकस्ट्रोक संपली. चार स्ट्रोक, पाच वयोगट, मुलं आणि मुली वेगळ्या. चाळीस शर्यती होतात, वर बारा रिले. प्रत्येक शर्यतीत प्रत्येक संघाचे तिघंच. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. ज्यांचा नंबर आपल्या संघातल्या पहिल्या तिघांत लागत नाही, ते सगळे आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी पोहतात. तिथे गुण नसतात, गर्दी मात्र याहून जास्त असते.

ब्रेस्टस्ट्रोक लागते आणि पांढरा शर्ट, निळी चड्डी घातलेले जज सावध होतात. वाकून पाण्यात बघतात. दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. दहा वर्षांची एक मुलगी सरळ पुढे आहे, अख्ख्या अंगाच्या लांबीने पुढे. शेवटचा हात मारताना घाई होते. डावा तळवा लागतो. उजवा मागून येतो. टाळ्या वाजतात. कोपऱ्यातला जज शांतपणे हात वर करतो. मग चिठ्ठी लिहितो. शर्यत, लेन, कारण. चिठ्ठी रेफरीकडे जाते, तिथून निकालाच्या टेबलाकडे. मुलगी अजून मैत्रिणींना मिठ्या मारतेय. कोच तिच्याजवळ जातो, गुडघ्यावर बसतो, आपले दोन तळवे हवेत एकत्र टेकवून दाखवतो. तीही दाखवते. पुन्हा एकदा. मग टॉवेल डोक्यावरून घेते आणि तंबूत जाते. तो जज डॉक्टर आहे की दुकानदार, मला माहीत नाही. वसंतात त्याने या कामाचं प्रशिक्षण घेतलंय आणि आजच्या दिवसाचे त्यालाही पैसे नाहीत.

टेबलावर पंखा आहे, सावली आहे. तिथे जागा मिळवायला लोक वर्षभर आधी नाव देतात अशी थट्टा चालते. टायमरांचे ओले कागद येतात. एकजण वाचतो, एकजण संगणकात भरतो, पाहुण्या संघाची बाई शेजारी बसून प्रत्येक आकडा तपासते. छापील चिकटपट्ट्या निघतात, त्या रिबिनींच्या मागे लागतात. पहिल्याला निळी, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला पांढरी. खाऊच्या खिडकीतून डोनट संपल्याची बातमी येते. शेगडीवर हॉट डॉग चढतात. धूर, सनस्क्रीन आणि आता खरोखरचा तलावाचा वास.

बटरफ्लाय मध्यावर असताना दुरून गडगडतं. एकदाच. रेफरीची शिटी. सगळे बाहेर. शेवटच्या गडगडाटापासून तीस मिनिटं पाण्यात पाय नाही. मोबाइलवर लोक ढगांचे नकाशे उघडतात. चोवीस मिनिटं जातात, पुन्हा गडगडतं, घड्याळ पुन्हा तीसवर. कुणी चिडत नाही. पत्त्यांचे डाव लागतात. आजोबा मला जवळ बोलावतात. नातवाने त्यांना दंडावरचे आकडे समजावून सांगितलेत. आता त्यांना गुण कळतात.

"आपण सात मागं आहोत," ते म्हणतात. "रिलेत भागेल."

ऊन परत येतं. रिले लागतात. इथे पाच गुण जिंकणाऱ्याला, हरणाऱ्याला शून्य. चार मुलांपैकी पुढचा ठोकळ्यावर वाकून उभा, आधीच्याचा हात भिंतीला लागेपर्यंत त्याचे पाय सुटता कामा नयेत. काठावर पाऊल ठेवायला जागा नाही. मागून ढकललं जातं, पुढे पाणी उडतं, माझा कागद भिजतो. आजोबा लेन चारच्या मागे येऊन उभे आहेत. ते मराठीत ओरडतात. "हाण! हाण!" शेजारचे कोरियन काका तेच ओरडू लागतात.

शेवटचा निकाल लाउडस्पीकरवर येतो. आम्ही दोन गुणांनी हरलो. मुलं रांगेत उभी राहून पाहुण्यांच्या हातावर हात मारतात आणि तशीच वळून पाण्यात उड्या टाकतात. मोठी माणसं तंबू मोडतात. दोघं जण लेनच्या दोऱ्या चाकावर गुंडाळतात. नर्स घड्याळं मोजून पेटीत ठेवते. एक कमी भरतं. ते माझ्याच गळ्यात आहे.

टीम रेप माइक घेते. पुढचा शनिवार, त्यांच्या तलावावर. नऊ टायमर द्यायचेत. सहाच नावं आलीत. हे ऐकताच अनेकांना टॉवेलांच्या घड्या घालायची निकड लागते.

"काय म्हणते ती?" आजोबा विचारतात.

मी सांगतो.

"बटण दाबायला इंग्रजी लागतं का?"

"नाही, काका. पण तीन तास उभं राहावं लागतं."

"उसाला पाणी देताना कोण बसायला खुर्ची देतं?" ते म्हणतात आणि पेन मागतात. सातव्या ओळीत देवनागरीत सही होते. टीम रेप ती सही उलटीसुलटी करून बघते, हसते, शेजारी इंग्रजीत नाव लिहून घेते. अजून दोन जागा भरायच्या आहेत. यादी घेऊन ती पुढच्या तंबूकडे निघते.