मोरचूद, अमोनिया आणि आम्ल: साका का पडतो, का विरघळतो

प्रयोगवहीत बहुतेक विद्यार्थी एकच ओळ लिहितात: 'अमोनिया घातल्यावर गडद निळा रंग आला, म्हणून तांबे आहे.' निष्कर्ष बरोबर आहे. पण तोंडी परीक्षेत मी विचारतो, 'आधी साका पडला होता, तो गेला कुठे?' उत्तर येते, 'सर, जास्तीच्या अमोनियात विरघळला.' का विरघळला, असे विचारले की शांतता पसरते. तेच येथे पाहू.

मोरचुदाच्या द्रावणात कॉपर आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात. चार जवळ, दोन जरा लांब. फिकट निळा रंग या रचनेचा आहे. निर्जल कॉपर सल्फेट पांढरे असते, हे तुम्ही शाळेतच पाहिले आहे.

आता विरल अमोनियाचे काही थेंब घाला. अमोनिया दोन कामे करू शकतो. तो पाण्याकडून प्रोटॉन घेऊन हायड्रॉक्साइड आयन तयार करतो, आणि आपले एकाकी इलेक्ट्रॉन युग्म देऊन तो धातूच्या आयनाशी थेट बंधही जोडतो. सुरुवातीला अमोनिया कमी असतो, त्यामुळे पहिले काम वरचढ ठरते आणि फिकट निळा साका पडतो. पुस्तके त्याला कॉपर हायड्रॉक्साइड म्हणतात. सल्फेटच्या द्रावणात तो बऱ्याचदा आम्लारिधर्मी सल्फेट असतो, पण आकडेमोडीसाठी आपण हायड्रॉक्साइडच धरू. या वेळी द्रावणात अमोनियम आयनही तयार होतात. ते लक्षात ठेवा, पुढे लागतील.

अमोनिया वाढवला की चार अमोनिया रेणू जवळच्या चार पाण्याच्या जागा घेतात आणि टेट्राअमाइन कॉपर आयन बनतो. त्याचा स्थिरता स्थिरांक सुमारे १० चा १३ वा घात आहे. एवढा मोठा आकडा पाहून साका विरघळणारच असे वाटते. पण हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार सुमारे २ गुणिले १० चा उणे २० वा घात आहे. दोन्हींचा गुणाकार करा: २ गुणिले १० चा उणे ७ वा घात. म्हणजे नुसत्या अमोनियात हा साका फारसा विरघळायला नको!

येथे अमोनियम आयन मदतीला येतात. साक्यातून सुटणारे दोन हायड्रॉक्साइड आयन ते पकडतात व त्यांचे पाणी आणि अमोनिया होते. अमोनियाचा आम्लारी स्थिरांक १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात. त्याच्या व्यस्ताचा वर्ग केला की सुमारे ३ गुणिले १० चा ९ वा घात मिळतो. आधीच्या आकड्याला त्याने गुणा, उत्तर ६०० च्या आसपास येते. आता अभिक्रिया पुढे जाते. पटत नसेल तर साका गाळून चांगला धुऊन घ्या आणि त्यावर विरल अमोनिया घाला. थोडासाच विरघळेल. मग चिमूटभर अमोनियम क्लोराइड टाकून हलवा आणि फरक पाहा.

गडद निळ्या द्रावणात विरल सल्फ्युरिक आम्ल थेंब थेंब घातले की प्रोटॉन अमोनियाला ओढून नेतात. प्रोटॉनशी जुळलेल्या अमोनियाकडे धातूला देण्यासाठी इलेक्ट्रॉन युग्म उरत नाही. चार अमोनियांचा हिशोब केला तर या अभिक्रियेचा स्थिरांक जवळपास १० चा २४ वा घात येतो, म्हणून संकुल टिकत नाही. सावकाश घातल्यास मध्येच साका पुन्हा दिसतो, नंतर तोही विरघळून मूळचा फिकट निळा रंग परततो.

सल्फ्युरिकऐवजी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर घातले तर मात्र द्रावण हिरवे-पिवळे होते. येथे क्लोराइड आयन स्वतः धातूला बांधले जातात. हे बंध दुबळे आहेत. पाणी घाला, रंग पुन्हा निळा होतो. तेव्हा 'आम्ल घातले' एवढे लिहून भागत नाही, कोणते ते लिहा. (तीव्र अमोनिया आणि तीव्र आम्ल एकदम मिसळू नका, उष्णतेने द्रावण उसळते.)

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने हे का शिकायचे? ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया सुटे, हवेत ओलावा आणि ऑक्सिजन होताच. ऑक्सिजन तांब्याचे आयन करतो आणि अमोनिया त्यांना संकुलात ओढून धातूपासून दूर नेतो. काडतूस थंड स्थितीत ओढून घडवल्यामुळे पितळेत ताण राहिलेला असतो; त्या ताणाखाली भेगा कणसीमांवरून आत शिरतात. घडवल्यानंतर मंद तापवून हा ताण काढणे हा त्यावरचा उपाय. अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहात पोलादी नळ्या असतात, तांब्या-पितळेच्या नसतात, त्यामागेही हेच रसायनशास्त्र आहे.