ट्रंकेतला रोल कॅमेरा आणि शिवाराची नोंद

घरातल्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली एखादा जुना रोलचा कॅमेरा पडून आहे का, ते एकदा बघा. आगफाचा क्लिक-थ्री असेल, हॉटशॉट असेल, नाहीतर याशिका. क्लिक-थ्रीच्या एका रोलमध्ये १२ फोटो निघत. पुढे ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६ निघू लागले. लग्न, बारसं, नवी बैलजोडी यांतच रोल संपायचा.

मला या छोट्या कॅमेऱ्यांचा नाद कृषी पदविकेला असल्यापासून आहे. शिवारफेरीला आजही एक खिशात असतो. पहिला रोल मात्र वाया गेला. द्राक्षाच्या पानावरचा केवडा दिसावा म्हणून कॅमेरा पानाला भिडवला आणि रोल धुऊन आणला तर सगळे फोटो पुसट! चूक माझीच. या साध्या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांचं भिंग एकाच जागी बसवलेलं असतं. साधारण चार फुटांच्या अलीकडचं त्यांना नीट दिसत नाही. तेव्हा यांच्याकडून पानाचा फोटो मागू नये, प्लॉटचा घ्यावा. पानासाठी मोबाईल आहेच.

मग जुन्या फोटोंचा उपयोग काय? जरा निरखून बघा. फोटोत माणसं पुढे असतात, पण मागे शिवार उभं असतं. बांधावरची झाडं, ओढ्याचं पात्र, विहिरीची पातळी, उसाआधी त्या रानात काय होतं, हे सगळं तिथं दिसतं. सातबारा क्षेत्र सांगतो, पीक सांगतो. ओढा किती रुंद होता ते फोटोच दाखवतो. गावात पाणलोटाचं किंवा ओढा खोलीकरणाचं काम निघालं, तर ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनीही असे फोटो मागवून बघावेत.

२००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचा पूर आला. वाळवा, पलूस, मिरज भागांत घरांत पाणी शिरलं आणि धान्याबरोबर फोटोही भिजले. म्हणून पावसाळ्यापूर्वी एवढं कराच:

निगेटिव्ह कागदी पाकिटात घालून माळ्यावर, कोरड्या जागी ठेवा. पाकिटावर साल, गट नंबर आणि पीक लिहा. फोटोत कोण आहे, कुठलं रान आहे, हे म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून घ्या. महत्त्वाच्या फोटोंची मोबाईलवर नक्कल काढून ती दोन ठिकाणी ठेवा.

एवढं करूनही फोटो भिजलेच, तर एकमेकांना चिकटलेले तसेच वाळू देऊ नका, ओढून सोडवूही नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे करा आणि सावलीत टांगून वाळवा. पुसू मात्र नका.

आणि कॅमेरा चालू असेल तर वर्षातून एकदा, त्याच बांधावर त्याच जागी उभं राहून आपल्या रानाचा एक फोटो घ्या. दहा वर्षांनी ते दहा फोटो शेजारी मांडले, की रान सुधारलं की खंगलं, हे पोरासोरांनाही कळेल.