संगणकाची मालकी : पेण-रोह्याकडील काही अनुभव

संगणक विकत घेतला म्हणजे तो आपला झाला, असा आपला समज असतो. सायकल घेतली की ती आपली होते. चेन निसटली तर आपण ती बसवतो, आरा वाकला तर सरळ करतो, शेजाऱ्याच्या मुलाला शाळेत जायला द्यावीशी वाटली तर देतो. त्यासाठी कारखानदाराची परवानगी लागत नाही. संगणकाचे तसे नाही. त्याचे पत्र्याचे आणि काचेचे अंग आपले असते, पण त्याला चालवणारी आज्ञावली आपण विकत घेतलेलीच नसते. घेतलेला असतो तो वापरण्याचा परवाना. ती उघडून पाहणे, तिच्यात बदल करणे, ती दुसऱ्याला देणे ह्या तिन्ही गोष्टी त्या परवान्याने बहुधा मना केलेल्या असतात. पाहू नको, शिवू नको, देऊ नको ही भाषा ह्या पानांच्या वाचकांना नवी नाही, म्हणून हा विषय येथे मांडावासा वाटला.

मी पेणला राहतो आणि रोह्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मीच पहिला. संगणकशास्त्र मी कोठेही शिकलेलो नाही. गेली सात-आठ वर्षे माझे सर्व लिखाण, प्रश्नपत्रिका, मुलांच्या टिपणांची छपाई लिनक्सवर चालते, एवढाच माझा अधिकार. तेव्हा येथे जे लिहितो आहे ते वापरणाऱ्याचे म्हणणे आहे, तज्ज्ञाचे नव्हे.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक आज्ञावलीकार होता. तेथील छपाईयंत्रात कागद अडकत असे. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्याने स्वतः भर घालून कागद अडकल्याची सूचना संबंधितांना जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्याला मिळेना. ज्याच्याजवळ ती होती त्याने 'गुप्ततेचे वचन दिले आहे' असे सांगून नकार दिला. हा नकार स्टॉलमनला सामाजिक गुन्हा वाटला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने संपूर्ण मुक्त अशी प्रणाली उभारण्याचा 'गनू' प्रकल्प जाहीर केला. १९८९ साली त्याने जो परवाना तयार केला त्यात कायद्याची तलवार उलटी धरलेली आहे : ही आज्ञावली घ्या, वाचा, बदला, वाटा, अट एकच, पुढे वाटताना घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढे तो ह्याच परवान्याखाली खुला केला. दोन्ही मिळून जे झाले त्याला आपण लिनक्स म्हणतो.

इंग्रजीत 'फ्री' ह्या एका शब्दाने ह्या चळवळीचा फार घोटाळा केला आहे. आपल्याकडे सुदैवाने फुकट आणि मुक्त असे दोन शब्द आहेत. फुकटचे म्हणाल तर पेण-रोह्याकडे सगळेच फुकट आहे. जुना संगणक घ्या, दुकानदार चोरून उतरवलेली प्रत त्यात टाकून देतो आणि आपल्या कष्टाचे दोनतीनशे रुपये घेतो. कोणी त्याला चोरी म्हणत नाही, पण ती चोरी आहे, आणि वस्तीतल्या मुलाच्या हाती पहिल्यांदा संगणक येतो तो असा चोरीचा माल म्हणून. मला ह्यात पैशापेक्षा दुसरीच गोष्ट टोचते. ज्या साधनावर तुमचा हक्कच नाही ते तुम्ही दबकून वापरता, त्याच्याबद्दल प्रश्न विचारत नाही, बिघडले की गप्प बसता. मुक्त प्रणालीवर विद्यार्थ्याचा हक्क असतो, आणि हक्क असला की माणूस प्रश्न विचारू लागतो, हे मी वर्गात पाहिले आहे.

ह्याला ताजे निमित्तही मिळाले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. पुढच्या प्रणालीला लागणारी सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर बऱ्याच जुन्या यंत्रांत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री निवृत्त. आमच्याकडे मुलांच्या घरी जे संगणक असतात ते मुंबईच्या कचेऱ्यांतून निघालेले, तिसऱ्या-चौथ्या हाताचे. चार जीबी स्मृती असलेल्या अशा यंत्रावर लिनक्स मिंट बरे चालते. त्याहून गरीब यंत्रावर डेबियनचे हलके रूप चालते. प्रणाली पेनड्राइव्हवर घ्यायची, त्यावरूनच संगणक सुरू करून पाहायची, आवडली तर बसवायची. धाटावच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या एका बापाने भंगारात काढायचा ठरवलेला संगणक त्याच्या मुलीने असाच पुन्हा चालू केला.

पण भक्तिभावाने लिहायचे नाही असे मी ठरवले आहे. अडचणी आहेत. काही छपाईयंत्रे लावताक्षणी चालतात, काही महिनाभर रुसतात, कारण त्यांच्या कंपनीने लिनक्ससाठी आज्ञावली धड दिलेलीच नसते. एका शासकीय संकेतस्थळावर शिष्यवृत्तीच्या कामासाठी अंकीय स्वाक्षरीचे साधन लावायचे होते. त्यासोबतची आज्ञावली फक्त विंडोजची निघाली आणि मला शेवटी सायबर कॅफे गाठावा लागला. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, त्यानंतरची ही गोष्ट आहे. धोरण आणि टेबल ह्यांतले अंतर आपल्याला कोणी सांगायला नको.

आता मुख्य विषयाकडे येतो. तो आपल्या लिखाणाचा आहे.

आमच्या वस्तीतील मंडळ चौदा एप्रिलला स्मरणिका काढत असे. गेल्या पिढीतील माणसांच्या आठवणी, गावकीच्या कामांची वर्णने, गिरणीत गेलेल्यांची पत्रे असे पुष्कळ त्यांत आहे. जुन्या अंकांच्या फाईली एका सीडीवर मिळाल्या, उघडल्या, तर पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा. असे का होते हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. त्या काळी डीटीपीवाले जे मराठी फॉन्ट वापरत, ते खरे तर वेषांतर असे. फाईलमध्ये साठवली जात ती इंग्रजी अक्षरे. फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घाली. एका प्रचलित फॉन्टात 'कमल' लिहिले तर फाईलमध्ये डी, ई, वाय ही तीन अक्षरे जातात. फॉन्ट असेपर्यंत 'कमल' दिसते. फॉन्ट गेला की उरते डी-ई-वाय. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा, त्यामुळे एकाचे लिखाण दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येत नाही. आपण वर्षानुवर्षे मराठी लिहिले असे आपल्याला वाटते, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी कधी नव्हताच.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र कोठा आहे, आणि तो भारतातच तयार झालेल्या 'इस्की' ह्या संकेतावर बेतलेला आहे. 'क' ह्या अक्षराला जगात कोठेही तोच क्रमांक. मग फॉन्ट कोणताही असो, अक्षर टिकते. मात्र क्रमांक मिळाला तरी अक्षर पडद्यावर नीट जुळून यायला आज्ञावली लागते, आणि ते काम मुक्तस्रोतवाल्यांनी मन लावून केले आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्यांतला फरक हा मराठीचा खास प्रश्न. तो अर्धा र हिंदीच्या डोळ्यांना दिसतच नाही. तसेच मराठी वळणाचे ल आणि श. शासनाने वर्णलेखनाचा निर्णय २००९ साली काढला. लोहित, मुक्ता यांसारखे मुक्त फॉन्ट आज कोणालाही घेता येतात, बदलता येतात. टंकनाचेही तसेच. इन्स्क्रिप्ट आहे, रोमन अक्षरांवरून लिहिण्याची सोय आहे, आणि शासकीय टंकलेखन परीक्षेसाठी ज्यांची बोटे जुन्या यंत्राच्या पद्धतीने बसली आहेत त्यांच्यासाठी तीही आहे.

आमच्या स्मरणिका पेजमेकरमध्ये होत्या. त्या आज्ञावलीची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ साली आली आणि पुढे तिचा विकास थांबला. म्हणजे एका कंपनीने दुकान आवरले आणि त्याबरोबर आमच्या माणसांच्या आठवणीही कुलूपबंद झाल्या. कुलूप उघडले ते लिब्रेऑफिसने. पेजमेकरच्या फाईली उघडण्याची सोय त्यात २०१५ पासून आहे, ती कोणा अनोळखी माणसांनी वेळ खर्चून लिहिली म्हणून. पाने उघडली, मजकूर बाहेर काढला. मग कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणते मराठी अक्षर ह्याची सारणी विज्ञान शाखेच्या दोन मुलांनी तयार केली आणि पायथन ह्या मुक्त भाषेत छोटी आज्ञावली लिहून मजकूर युनिकोडमध्ये आणला. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते की नंतर ह्यावरच त्यांचे चार दिवस गेले. त्यांनी मराठी व्याकरणाबद्दल मला जितके प्रश्न त्या चार दिवसांत विचारले तितके वर्गात वर्षभरात विचारले नव्हते.

मजकूर हाती आला तेव्हा दुसरी गंमत झाली. शुद्धलेखन तपासनीसाने पानेच्या पाने लाल केली. 'व्हतं', 'न्हाई', 'येसकर', 'तराळकी' सगळ्यांखाली लाल रेघ. आमच्याकडची आगरी मुले 'पानी' लिहितात, 'डोला' लिहितात. त्याही खाली रेघ. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आमची आजी बोलते ते सगळंच चुकीचं का?" दलित आत्मकथनांच्या भाषेवर पूर्वी समीक्षकांनी ज्या रेघा ओढल्या त्या आता यंत्र ओढते, आणि यंत्राशी वाद घालता येत नाही अशी समजूत असल्यामुळे मुलगा निमूटपणे शब्द बदलून टाकतो. भाषेचे प्रमाणीकरण इतक्या शांतपणे पूर्वी कधी झाले नसेल.

बंद आज्ञावलीतही आपला शब्द आपल्यापुरता जोडता येतो. पण कंपनीने दिलेला मूळ कोश उघडून कोणते शब्द आत घेतले, कोणते वगळले हे पाहता येत नाही. लिब्रेऑफिसचा कोश म्हणजे दोन साध्या मजकुराच्या फाईली. एकीत शब्दांची यादी, अगदी पहिल्या ओळीत शब्दांची संख्या. दुसरीत प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो त्याचे नियम, म्हणजे 'शाळा'चे 'शाळेत' कसे होते ते. मी ह्या दोन्ही फाईली वर्गात उघडून दाखवल्या. कोश हा देवाने दिलेला नसून कोणीतरी बसून केलेला असतो, त्यात जे नाही ते घालता येते, हे समजावायला एरवी मला दोन तास लागले असते.

मुळात आज्ञावली उघडून पाहण्याचा हा विचार रायगड जिल्ह्याला परका नाही. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ह्या जागतिक प्रकल्पाची भारतातील पहिली चाचणी २००७ साली कर्जत तालुक्यातील खैराट येथील धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत झाली. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप लिनक्सवर चालत, आणि त्यांच्या कळफलकावर समोरच्या आज्ञावलीचे मूळ रूप उघडून दाखवण्यासाठी एक खास कळ होती. प्रकल्पावर टीका पुष्कळ झाली. केंद्राच्या शिक्षणखात्याने त्याआधीच, २००६ साली, तो नाकारला होता, आणि शिक्षकाऐवजी यंत्र द्यायचे ह्या कल्पनेबद्दल मलाही शंका आहे. पण ती कळ मला विसरता येत नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. मुक्तस्रोताच्या सभांतून 'सर्वांसाठी खुले' हा शब्दप्रयोग फार सहज होतो. मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली संमत केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले होते. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, आणि त्यासाठी काय सोसावे लागले हे आपण जाणतो. परवाना खुला आहे म्हणजे मार्ग खुला आहे असे नव्हे. ह्या जगाची भाषा अजून इंग्रजी आहे. नवख्याने प्रश्न विचारला तर 'आधी ग्रंथ वाच' असे झिडकारणारे पंडित तेथेही आहेत. शिवाय हे काम बरेचसे बिनपगारी आहे. फावला वेळ कोणाकडे असतो? ज्यांच्या वाडवडिलांनी वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली त्यांना 'समाजासाठी फुकट काम करा' असे सांगताना माझी जीभ अडखळते. म्हणून विद्यार्थ्यांकडून जे काम करून घेतो ते त्यांच्या प्रकल्पाच्या गुणांत धरावे असा माझा आग्रह असतो, आणि फाईलवर त्यांची नावे असतात.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एकदम प्रणाली बदलू नये. आधी आहे त्या यंत्रावर लिब्रेऑफिस बसवावे, युनिकोडमध्ये लिहावे, जुने लिखाण आणून ठेवावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले पाठ मोफत आहेत. ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही मुलांना दाखवता येतात.

आमच्या शब्दांच्या फाईलवरून सध्या वर्गात वाद चालू आहे. काहींचे म्हणणे, 'पानी' हा शब्द 'पाणी'च्या शेजारी एकाच कोशात असावा. ज्या मुलीने आजीचा प्रश्न विचारला होता तिचेच म्हणणे वेगळे पडले : "सर, वेगळी फाईल करू. परीक्षेचं लिहिताना बंद ठेवता येईल, आजीचं लिहिताना चालू." लिब्रेऑफिसमध्ये असे कितीही कोश जोडता येतात, हवा तो चालू-बंद करता येतो. तूर्त दोन फाईली केल्या आहेत. कातकरी वाडीवरच्या एका मुलाने परवा तिसरी सुरू केली. तिच्यात अजून चाळीसेक शब्द आहेत, आणि त्यांतले काही देवनागरीत कसे लिहायचे हे तो आईला विचारून येणार आहे.