तीन मीटरवरचा नेम

कोल्हापुरात नेम म्हटलं की आधी बंदूक आठवते, आणि त्यात नवल काही नाही. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ मिळवलं, तेव्हा नेमबाजीतलं काही न कळणाऱ्यांनीही टीव्हीसमोर दशांशांचा हिशेब केला.

धनुष्यबाण मात्र या शहरात दिसतो तो रामाच्या तसबिरीत आणि निवडणूक आली की भिंतीभिंतींवर. पेठांमधल्या तालमींनी मर्दानी खेळ टिकवला. त्यात लाठी आहे, पट्टा आहे, फरीगदगा आहे, दोरी बांधून फेकायचा विटा आहे. धनुष्य त्या खेळात फारसं उतरत नाही.

शेजारच्या साताऱ्याची गोष्ट निराळी. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकणाऱ्या भारतीय संघात होता आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याची सुरुवात बांबूच्या धनुष्यावर झाली. तिथून आधुनिक धनुष्यावर जाताना ते पेलणं त्याच्या खांद्यांना जड गेलं होतं. साताऱ्याचीच अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिचा सराव उसाच्या रानातल्या मैदानावर झाला. अदितीचं धनुष्य कंपाउंड जातीचं. त्याला कप्प्या असतात, नेम धरायला भिंग असतं, दोरी सोडायलाही वेगळं उपकरण असतं.

पारंपरिक धनुष्यात यातलं काहीच नाही. बांबू किंवा लाकूड, एक दोरी, तीन बोटं. भारतीय तिरंदाजी संघटनेच्या स्पर्धांमध्ये ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार असतो, तो याच साध्या बांबूच्या धनुष्यावर खेळतात. शिस्त धरायला माशी नाही, तोल सांभाळायला दांडे नाहीत. किंमतही आधुनिक धनुष्याच्या मानानं किरकोळ, त्यामुळे घरी शिकू पाहणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा हेच पडतं. आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण उपकरणानं करायची कामं आता अंगानं करायची असतात.

उदाहरणच घेऊ. दोरी ओढून हात जिथं येऊन थांबतो त्या जागेला तिरंदाज अँकर म्हणतात. कुणी तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला टेकवतो, कुणी हात हनुवटीखाली आणतो. बाणाची शेपटी त्या वेळी डोळ्याखाली असते, आणि बंदुकीच्या मागच्या माशीचं काम ती करते. आता समजा, ही जागा एक सेंटिमीटर खाली सरकली. धनुष्यापासून अँकरपर्यंतचं अंतर सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे दर ७० सेंटिमीटरला बाण एक सेंटिमीटर वर चढणार. तीस मीटरवर ही चूक ४३ सेंटिमीटरची होते, म्हणजे बाण फलकावरून पार निघून जातो. ओढ कमी पडली तर आणखी निराळा गोंधळ. साध्या धनुष्यात इंचभर ओढ कमी झाली की दोन-अडीच पौंड जोर घटतो, आणि बाण खाली पडतो.

हीच एक सेंटिमीटरची चूक घरात तीन मीटरवर केली तर बाण किती चुकतो? जेमतेम चार सेंटिमीटर. पोत्यावर तेवढ्या फरकाकडे कुणी बघतही नाही. घरच्या सरावाची मेख इथं आहे. जवळून मारलेला बाण चहाडी करत नाही. चुकीचा अँकर, वाकडा खांदा, झटका देऊन सोडलेली दोरी, सगळं तो पोटात घालतो. माणूस खूश होतो आणि महिनाभरात ती चूक अंगात मुरवून बसतो. म्हणून घरी बाण कुठं लागला हे बघण्यात अर्थच नाही. बघायचं ते शरीराकडे.

जपानी क्युदोमध्ये हे शिक्षणाचंच अंग आहे. तिथं गवताच्या घट्ट बांधलेल्या भाऱ्यासमोर, जेमतेम एका धनुष्याच्या लांबीवर, म्हणजे दोनेक मीटरवर उभं राहून बाण मारतात. या भाऱ्याला माकिवारा म्हणतात. त्यावर वर्तुळं नसतात, गुण नसतात. चुकणं शक्यच नसल्यामुळे लक्ष आपोआप आपल्या हातापायांवर येतं. नवशिक्याच्या हातात तर धनुष्यही लगेच देत नाहीत. मुठीला रबर बांधलेलं सरावाचं साधन असतं, त्यावर आधी ओढ शिकायची. आपल्याकडे मात्र धनुष्य आलं की पहिल्याच संध्याकाळी भिंतीवर गोल काढायची घाई.

गोलाची घाई नडते ती आणखी एका कारणानं. समोर पिवळा ठिपका दिसला की काहींची बोटं, हात अँकरला पोचायच्या आधीच, दोरी सोडून देतात. इंग्रजी मुलखातले तिरंदाज याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि भलेभले खेळाडू या खोडीनं बेजार झालेले आहेत. त्यावरचा प्रशिक्षकांचा जुना उपाय हाच: फलक काढून टाका, कोऱ्या पोत्याजवळ जा, हवं तर डोळे मिटा.

कोल्हापूरच्या रायफलवाल्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. गोळी न भरता चाप ओढण्याचा ‘ड्राय’ सराव त्यांच्याकडे रोजचा असतो. आरशासमोर, भिंतीसमोर, घरातल्या घरात. पण धनुष्याच्या बाबतीत हीच सवय महागात पडते. बाण न लावता दोरी ओढून सोडली की धनुष्यात साठलेली ताकद बाणाला न मिळता उलट धनुष्यातच परत येते. बांबूला तडा जाऊ शकतो, दोरी तुटू शकते, ढलपी उडून डोळ्याला लागू शकते. पाहुण्यांच्या पोराच्या हाती धनुष्य दिलं की ते पहिल्यांदा नेमकं हेच करतं. देण्याआधी बजावून सांगितलेलं बरं.

मग बाणाविना सराव कसा करायचा? रबरानं. फिजिओथेरपीचा रबरी पट्टा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चालते. एक टोक धनुष्य धरायच्या हातात, दुसरं तीन बोटांत. अँकरपर्यंत ओढायचं, दहा सेकंद थांबायचं आणि सावकाश परत न्यायचं. सोडायचं नाही, सोडलं तर हातावर किंवा तोंडावर फटका ठरलेला.

या दहा सेकंदांत काय काय तपासायचं, ते खालून वर तपासत जावं. पाय खांद्याइतके फाकलेले, वजन दोन्ही टाचा-चवड्यांवर सारखं. कंबर पुढं झुकलेली नाही. धनुष्याच्या बाजूचा खांदा खाली बसलेला. थकला की तो कानाकडे चढतो, आणि चढला की समजावं आजचा सराव संपला. त्याच हाताचं कोपर किंचित बाहेर वळवलेलं, नाहीतर सुटलेली दोरी मनगटापासून कोपरापर्यंत साल काढते. (पहिल्या आठवड्यात हा निळा-जांभळा प्रसाद बहुतेकांना मिळतो. चामड्याचा पट्टा बांधावा, पण कोपर आधी वळवावं.) मूठ आवळलेली नको. धनुष्य अंगठ्याच्या बुडाशी टेकलेलं पुरे. दोरीवर बोटांची पहिली पेरं, बाणाच्या वर एक आणि खाली दोन. दुसऱ्या हाताचं कोपर बाणाच्या रेषेत किंवा जरा वर. दंड फुगला असेल तर ओढ चुकीच्या जागेवरून होते आहे. काम पाठीचं, खांद्यांची दोन पाती जवळ आणण्याचं आहे.

पायांची चर्चा आपल्याकडे फार जुनी. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात समपद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ अशा उभं राहण्याच्या तऱ्हा सांगितल्या आहेत, त्याही मापासकट: वैशाखात दोन पायांत तीन विती अंतर, मंडलात चार, आलीढात पाच. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये शस्त्रविनोद आहे आणि धनुर्विद्या त्याचा भाग आहे. त्याच्या वडिलांनी, सहाव्या विक्रमादित्यानं, कऱ्हाडच्या शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा वरली होती. तेव्हा हा मुलूख त्या विद्येला अगदीच पाहुणा नाही. रणातल्या माणसाला पाच विती फाकून उभं राहणं परवडायचं. घरी शिकणाऱ्यानं दोन विती अंतर ठेवावं आणि रोज तेच ठेवावं. फरशीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या की काम झालं.

एकटं शिकायचं म्हटलं की एकलव्याचं नाव निघतंच. त्याच्यापेक्षा आजच्या शिकाऊ माणसाचं एका बाबतीत बरं आहे: खिशात कॅमेरा आहे. मोबाइल एकदा समोरून छातीच्या उंचीवर आणि एकदा पाठीमागून ठेवून पाच-सहा बाणांचं चित्रण करावं आणि फक्त एकाच गोष्टीसाठी ते पाहावं. आज अँकर, उद्या खांदा. सगळं एकदम बघू गेलं की काहीच सुधारत नाही.

आता जागेचा प्रश्न. पेठेतल्या घरात पोत्यापासून तीन मीटरवर उभं राहता येईल एवढी खोली मिळते, तेवढी पुरते. गच्ची मात्र वर्ज्य समजावी. पंचवीस पौंडांच्या धनुष्याचा बाणही वर कोन धरून सुटला तर शंभर मीटरच्या पुढं सहज जातो, आणि खाली कुणाचं अंगण असेल हे त्याला कळत नाही. घरात पोतं भरायचं ते जुन्या कपड्यांनी, गच्च कोंबून. त्याआधी चेन, बटणं, हुक काढून टाकायचे, नाहीतर बाण त्यावर आपटून उलटा येतो. पोत्याच्या मागं एक जाड वाकळ सैल टांगायची. ताणून बांधलेली वाकळ बाण आरपार जाऊ देते, सैल टांगलेली त्याचा जोर खाते. बाणाच्या वाटेवर किंवा पोत्याच्या आसपास उघडणारं दार असेल तर त्याला आतून कडी. घरात सगळे जागे असताना, सगळ्यांना सांगून सराव करावा, आणि पोत्यातून बाण काढेपर्यंत धनुष्य खाली ठेवावं.

प्रौढ नवशिक्यानं वीस-पंचवीस पौंडांवर थांबावं. चाळीस पौंडांचं धनुष्य ओढून दाखवण्यात मर्दुमकी वाटते, पण जोराखाली खांदा उचलला जातो आणि ढब पहिल्याच दिवशी बिघडते. तीस-चाळीस बाण एका वेळी भरपूर झाले.

कोल्हापूरचा पावसाळा बांबूला मानवत नाही. जून ते सप्टेंबर हवेतली ओल लाकडात शिरते, धनुष्य मऊ पडतं आणि जोर कमी भरतो. सराव झाला की दोरी उतरवायची. चढवलेलं ठेवलं तर बांबूला कायमचा बाक येतो. कोपऱ्यात उभं करण्याऐवजी दोन खुंट्यांवर आडवं ठेवावं, दोरीला मधमाश्यांचं मेण चोळावं. खऱ्या पिसांचे बाण भिजू देऊ नयेत. पीस चपटं झालं की बाण हेलकावे खात जातो.

चित्रणातले दहा बाण एकसारखे दिसू लागले की मैदानावर जायला हरकत नाही, शक्यतो जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. तीन मीटरवरून थेट तीसवर उडी मारू नये. आधी दहा, मग अठरा. प्रत्येक टप्प्यावर बाण कुठंही लागोत, पण एका जागी लागताहेत का ते बघावं. सगळे डावीकडे हातभर पण एकत्र असतील तर ढब शाबूत आहे, फक्त नेम बदलायचा. विखुरले, तर तिथंच तासभर खटपट करण्यापेक्षा घरी येऊन पुन्हा कोऱ्या पोत्यासमोर उभं राहावं. तीस मीटरवर पहिले काही बाण फलकाच्या आधीच मातीत घुसतील. अंतर वाढलं की बाण खाली येतो, त्यासाठी धनुष्याचा हात किती वर न्यायचा हे प्रत्येकाला आपापल्या ओढीप्रमाणे शोधावं लागतं. तेवढं मात्र घरात शिकता येत नाही.