मुलीच्या वाटेवर, वाऱ्याच्या तोंडी

"बाबा, जूनपासून मी सायकलने शाळेत जाणार," असे आमच्या धाकटीने जाहीर केले आणि घरात दोन पक्ष पडले. "ट्रकांच्या त्या रस्त्यावर? मुळीच नाही," असे तिच्या आईने बजावले. आम्ही ठरवले, आधी तो रस्ता एकट्याने सायकलवर पाहून यायचा, मग बोलायचे.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. लूमला सुट्टी. जुन्या सायकलच्या चेनला तेल घातले, चाकांत हवा भरली आणि भर दुपारी कामतघरहून अंजूरफाट्याकडे निघालो. वऱ्हाळा तलावाच्या पाण्यावर लाटा उठत होत्या. जयंतीच्या निळ्या पताका पूर्वेकडे ताठ फडफडत होत्या. म्हणजे वारा पश्चिमेचा, अगदी तोंडावर!

या दिवसांत आपल्याकडे असेच चालते. सकाळी वारा पडलेला असतो. ऊन चढले की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा आत येतो. धाकटीची शाळा दुपारची. म्हणजे जाताना वारा समोरून, येताना पाठीवर.

शांत हवेत ताशी १२ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागला, तर हवेचा अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. आम्ही आधी जोर लावून पाहिला, दम लागला. मग शर्टाची बटणे लावली, अंग पुढे झुकवले, वेग कमी केला, तेव्हा जमले. वाऱ्याशी झुंजायचे नाही, दहा मिनिटे लवकर निघायचे.

खरी भीती कंटेनरची. वारा उजवीकडून येत असला की आपण नकळत उजवीकडे कललेले असतो. गोदामाकडे जाणारा कंटेनर उजवीकडून गेला की वारा एकदम तुटतो आणि सायकल त्याच्याकडेच झुकते. तो पुढे गेला की वाऱ्याचा धक्का पुन्हा बसतो. आम्ही दोनदा डगमगलो. म्हणून मोठी गाडी मागून येताना दिसली की थांबून कडेला उतरावे, त्यात कमीपणा नाही.

परतताना पाय पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटले. पण ती करामत वाऱ्याची होती. वेग कळला नाही आणि गतिरोधकापुढे ब्रेक उशिरा लागला.

घरी येऊन सगळे सांगितले. धाकटीने लगेच पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे नाव काढले. २०१८ साली, विसाव्या वर्षी, बहुतांश एकटीने सायकल चालवून तिने सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली. आई म्हणाली, "तिने जग पाहिले, छान झाले. तू आधी फाटा ओलांडून दाखव."

म्हणजे नकाराचा होकार झाला! अट एवढीच, की फाट्यावर उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा आणि पहिला आठवडा आम्ही सोबत जायचे.

आईबापांनो, मुलीला सायकल द्यावी की नाही हे ठरवण्याआधी तिच्या रस्त्यावर एकदा स्वतः सायकल चालवून पाहा. नुसत्या भीतीने नाही म्हणू नका, नुसत्या कौतुकाने हो म्हणू नका.

येत्या रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, आम्ही तिघे तलावापाशी जाणार आहोत. सायकल मागून आम्ही धरणार, थोडा वेळच.