नाव माझे, पत्र दुसऱ्याचे

पत्र कोणाकडून आले हे आपण कशावरून ओळखतो? एके काळी ते अक्षरावरून ओळखत असू. वडिलांच्या हस्ताक्षराचे वळण, मामांची लपेटदार सही, पाकिटावर उमटलेला गावाच्या टपालकचेरीचा शिक्का, अशा अनेक खुणा मिळून लेखकाची साक्ष देत. ईमेलमध्ये यांपैकी एकही खूण नसते. तेथे असते ती केवळ प्रेषकाच्या पत्त्याची ओळ. आणि ही ओळ, श्रोतेहो, पत्र धाडणाऱ्याला आपल्या मर्जीप्रमाणे हवी ती लिहिता येते. आज ज्या उपद्रवाविषयी बोलावयाचे आहे, त्याचे मूळ एवढ्या एका गोष्टीत आहे.

समजा, बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात राहणारे एक निवृत्त गृहस्थ सकाळी आपले टपाल उघडतात. पाहतात तो 'पोचू शकले नाही' असा शेरा घेऊन शेकडो पत्रे परत आलेली! औषधांच्या, कर्जाच्या, जुगाराच्या त्या जाहिराती त्यांनी स्वप्नातही लिहिलेल्या नसतात. शिवाय दोनचार अनोळखी लोकांनी रागाने चार शब्द सुनावलेले असतात ते निराळेच. आयुष्यभर जपलेले आपले नाव कोणी चव्हाट्यावर मांडावे, आणि त्या माणसाचा चेहराही आपणांस दिसू नये, याचा क्लेश लहान नव्हे.

हे घडते कसे? ईमेलच्या वाहतुकीचे मूलभूत नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये लिहून काढले. त्या काळी हे जाळे काही विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरतेच मर्यादित होते. आपल्या देशात 1986 साली 'अर्नेट'चा आरंभ झाला, तेव्हा बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था तिच्या मोजक्या सहभागी संस्थांपैकी एक होती. मंडळी थोडी, परस्परांच्या परिचयाची. तेव्हा प्रेषकाची झडती घ्यावी असे कोणास वाटले नाही. ईमेलवर पत्ता दोन ठिकाणी असतो: एक जणू पाकिटावर आणि दुसरा आतल्या पत्रावर. मूळ नियमांत या दोहोंपैकी एकाचीही शहानिशा करण्याची तरतूद नव्हती. पत्र पोचले नाही, की ते पाकिटावरच्या पत्त्याकडे परत जाते. म्हणून लबाडाने टाकलेली पत्रे निरपराध माणसाच्या दारी येऊन पडतात.

ही खोडी नवी नाही. 1997 साली अमेरिकेत जो डॉल नावाच्या एका गृहस्थाने जाहिरातबाजी करणाऱ्या एका इसमाचे खाते बंद केले. त्या इसमाने सूडापोटी डॉल यांच्याच नावाने असंख्य पत्रे धाडली. तेव्हापासून अशा कृत्याला 'जो जॉब' असे नावच पडले.

अशा प्रसंगी पहिला प्रश्न विचारावा तो हा: चोर घरात शिरला आहे, की त्याने दारावरची पाटी तेवढी नक्कल केली आहे? घरात शिरल्याचा संशय असेल, तर खात्यात कोठून आणि केव्हा प्रवेश झाला याची नोंद पाहावी. आपले टपाल परस्पर दुसरीकडे वळविणारा एखादा नियम कोणी घालून ठेवला आहे काय, तेही तपासावे. पासवर्ड बदलावा आणि दुहेरी पडताळणी चालू करावी. 'पाठविलेली पत्रे' या कप्प्यात काही नाही, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. चोराला ती पुसताही येतात.

परत आलेल्या पत्रात मूळ पत्राचा मथळा बहुधा जोडलेला असतो. पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जाते, तो तो सर्व्हर वरच्या बाजूस आपली नोंद करतो. खालच्या नोंदी बनावट असू शकतात. ज्या सर्व्हरने पत्र अखेरीस स्वीकारले, त्याने केलेली नोंद अधिक भरवशाची. पत्र आपल्या सर्व्हरवरून निघालेच नव्हते असे तीवरून दिसले, तर केवळ नाव चोरले गेले असे समजावे. अशा वेळी स्पॅम धाडणाऱ्याला उत्तर देऊ नये, आणि घाबरून वर्षानुवर्षांचा पत्ताही टाकून देऊ नये. परिचितांना दोन ओळी कळवाव्यात. हा पूर बहुधा काही दिवसांत ओसरतो.

परंतु ओसरण्याची वाट पाहणे हा काही उपाय नव्हे. मराठेशाहीत पत्राच्या मस्तकी शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. मजकूर येथे संपला, पुढे कोणी भर घालू नये, हा मोर्तबाचा अर्थ. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील खुनाशी जोडलेली 'ध चा मा' ही कथा खरी असो वा नसो, पत्रातल्या एका अक्षरावर काय अवलंबून असते हे मराठी माणसास सांगावयास नको. ईमेललाही उशिरा का होईना, असे शिक्कामोर्तब लाभले आहे. 2006 मध्ये 'एसपीएफ'चा नियम प्रसिद्ध झाला: आमच्या नावाने टपाल कोणकोणत्या सर्व्हरांनी न्यावे, याची यादी संस्थेने जाहीर करावी. 2007 मध्ये 'डीकेआयएम' आले; ती गणिती मोहोर असून वाटेत मजकुराचा 'ध चा मा' झाल्यास ती जुळत नाही. 2015 मध्ये 'डीमार्क'चा नियम छापला गेला. या खुणांचा पत्रावर दिसणाऱ्या पत्त्याशी मेळ न बसल्यास पत्र स्वीकारावे, बाजूस ठेवावे की नाकारावे, हे संस्थेने आधीच सांगून ठेवावयाचे. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी आवश्यक केल्या.

जीमेलसारख्या सेवेवर पत्ता असणाऱ्याला हे स्वतः करता येत नाही, करावेही लागत नाही. परंतु ज्या शाळेचे, मंडळाचे, पतपेढीचे वा कारखान्याचे स्वतःचे डोमेन आहे, तिच्या चालकांचे हे कर्तव्यच होय. आरंभी केवळ अहवाल मागवावेत, आपली खरी टपालवाहने यादीत आली आहेत याची खात्री करावी, आणि मगच नकाराचा हुकूम द्यावा. घाई केल्यास आपलीच पत्रे अडतात.

तरीही सावधगिरी सुटत नाही. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखानदाराला कच्चा माल पुरविणाऱ्याच्या नावाने पत्र येते: 'आमचे बँकखाते बदलले आहे.' पत्त्यात एकच अक्षर फिरविलेले असेल, तर वरील कोणताही शिक्का त्याला अडवीत नाही. तेथे उपाय जुनाच: आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून विचारावे.

कायदाही पाठीशी आहे. प्रेषकाविषयी दिशाभूल करणाऱ्या पत्रांचा उल्लेख असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. मात्र दुसऱ्याच्या ओळखीची चोरी आणि तोतयेगिरीने फसवणूक यांविषयीची कलमे 66सी व 66डी कायम असून त्यांत तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. बंगळुरात 2001 सालीच सायबर गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पोलीस ठाणे स्थापन झाले. पैसा गेला असेल, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे; जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागण्याची आशा कमी. परत आलेली पत्रे मथळ्यांसह जपून ठेवावीत, पुरावा तोच.

अखेरीस, ज्यांच्या दारी असे पत्र येते त्यांनाही काही सांगावयास हवे. परिचिताच्या नावाने अश्लाघ्य मजकूर आला, तर त्याला दूषण देण्यापूर्वी आधी विचारावे. पत्रावरचा पत्ता ही साक्ष नव्हे. ज्याचे नाव तेथे आहे, तो पुष्कळदा त्या पत्राचा लेखक नसून त्याचा पहिला बळी असतो.